मेंगचं कोटेशन

योंगसानच्या कॉम्प्युटर बाजारात गिऱ्हाईक दुकानासमोर थांबलं की आम्ही सगळे एकच प्रश्न विचारतो, "कुठपर्यंत भाव काढून आलात?" दिसायला साधा प्रश्न आहे, पण उत्तर ऐकलं की माणूस किती पाण्यात आहे ते कळतं. भाव माहीत असला तर जे चार पैसे सुटतील त्यात समाधान मानायचं. "नाही हो, मला यातलं काहीच कळत नाही," असं म्हणाला की मग तो आमचा. सगळ्या सोल शहराला हा प्रश्न पाठ आहे. पोरं आमच्या नकला करतात, आम्हाला नावं ठेवतात, आणि तरी आम्ही विचारतोच. मी केबल, पंखे आणि स्क्रू विकते. मीही विचारते. पोट आहे बाबा, काय करणार.

आमच्या मजल्यावर तो प्रश्न न विचारणारा एकच माणूस होता, मेंग दोक-सू. त्याचं दुकान माझ्या बरोबर समोर, मधे हातगाडी जाईल एवढीच वाट. कॉम्प्युटर जुळवून द्यायचा त्याचा धंदा. गिऱ्हाईक आलं की हा म्हणायचा, "खेळता काय? आणि पोटासाठी काय करता?" माणसं बिचकायची. योंगसानमध्ये कुणी आपुलकीने विचारपूस करायला लागलं की लोक आधी खिसा चाचपतात.

वयाने मी मोठी, म्हणून तो मला नूना, म्हणजे ताई, म्हणायचा आणि मी त्याला सरळ अरेतुरे करायची. बारीक चणीचा, मान कायम थोडी पुढे काढलेली, बोलणं हळू. हसला तरी कुणाच्या लक्षात यायचं नाही. पण प्रोसेसरचा विषय निघाला की याला कंठ फुटायचा. बाकी सगळं सामान नंतर बदलता येतं, तो म्हणायचा, पण प्रोसेसर चुकला की बोर्ड चुकतो, बोर्ड चुकला की मेमरी चुकते, आणि माणूस मग चार वर्षं चुकीच्या घरात भाडं भरत बसतो. खेळाला एक चपळ हात लागतो, कामाला पुष्कळ हात लागतात. दोन्ही पाहिजे असेल तर किती चपळ आणि किती हात, हे ज्याचं त्याचं वेगळं. आणि या हिशेबात सगळ्यात महाग प्रोसेसर क्वचितच बसायचा. म्हणून हा शहाणा आलेल्या गिऱ्हाइकाला खालचा घ्यायला सांगायचा.

एकदा एक बाई आली. पोरगा विद्यापीठाची प्रवेशपरीक्षा पास झाला होता, बापाने कॉम्प्युटर कबूल केला होता. कार्ड हातातच होतं. "सगळ्यात भारी द्या," म्हणाली. दुसरा कुणी असता तर तिला बसायला खुर्ची दिली असती, कॉफी दिली असती. मेंगने विचारलं, पोरगा खेळतो काय. तिने खेळाचं नाव सांगितलं. मेंग म्हणाला, त्याला निम्म्या किमतीचा प्रोसेसर पुरतो बाई, उरलेल्या पैशात चांगली खुर्ची घ्या, पाठ वाचेल पोराची. बाईने त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "आमची ऐपत नाही असं वाटलं का तुम्हाला?" असं विचारून ती चार दुकानं पलीकडे शिम शेठकडे गेली. शिम शेठने तिला सगळ्यात भारी प्रोसेसर दिला, त्याला शोभेल असा बोर्ड दिला, त्याला शोभेल असा पाण्यावरचा कूलर दिला, आणि संध्याकाळी सगळ्या मजल्याला तळलेली कोंबडी खाऊ घातली. मेंगनेही खाल्ली. खाता खाता एवढंच म्हणाला, की त्या पोराच्या खोलीत उन्हाळ्यात फार उकडणार.

अशा माणसाचा संसार व्हायचा तसाच झाला. बायको हुशार होती. ती म्हणायची, शेजारचे सगळे लुबाडून फ्लॅट घेऊन बसले आणि माझा नवरा साधू. वाईट नव्हती हो ती, फक्त दमली होती. मुलीला घेऊन इंचनला माहेरी गेली ती गेलीच. गंमत बघा, आई म्हणायची हा लबाडी करत नाही, आणि मुलीला शाळेत पोरं चिडवायची की तुझा बाप योंगसानचा ठग. वर्गातल्या कुणाच्या तरी वडिलांना आमच्या बाजारात गंडवलं होतं. कुणी गंडवलं देव जाणे, मेंगने नक्की नाही, पण चोर सोडून संन्याशाला फाशी. ती पोर, हे-रांग तिचं नाव, तेव्हापासून बाप काय करतो म्हणून कुणी विचारलं की ऑफिसात आहे म्हणून सांगायला लागली. हे तिने स्वतःच एकदा बापाला सांगितलं होतं, आणि त्याने मला. सांगताना तो स्क्रू वेगळे करत होता, हात थांबले नाहीत.

पुढे पुढे बाजारच बसला. लोक यायचे, पण घ्यायला नाही, कोटेशन मागायला. इंटरनेटवर एक जागा आहे, मी तिला चव्हाटा म्हणते. दुकानदाराने दिलेलं कोटेशन माणसं तिथे जसंच्या तसं नेऊन मांडतात आणि खाली लिहितात, जरा बघा हो, मी फसतोय का? मग सगळे तुटून पडतात. प्रोसेसर जुना आहे, मेमरीत मारलंय, पळा तिथून. आपण अर्धा दिवस घालवून कागद लिहून द्यायचा आणि यांनी तो चव्हाट्यावर नागडा करायचा. एखाद्या शेठने पेटीबंद प्रोसेसरचे पैसे घेऊन सुटा माल बसवला की ती गोष्ट वर्षभर तिथे फिरायची, आणि मग सगळा बाजार एकाच माळेचे मणी. मी तर कोटेशन मागणाऱ्याला आधी पाणी घ्या म्हणणंच सोडून दिलं.

त्या चव्हाट्यावर एकाला फार मान होता. नाव लावायचा 'गारभात'. आमच्यात ज्याला कुणी विचारत नाही त्याला गार भात म्हणतात, ताज्या पंगतीत त्याला जागा नसते. या गारभाताचं मात्र सगळे ऐकायचे. तो रोज लोकांची कोटेशनं तपासायचा, फुकट. शिव्या नाहीत, टिंगल नाही. तुमचा स्क्रीन अमुक आहे, तुम्ही काम तमुक करता, मग हा प्रोसेसर कशाला, त्याच्या खालचा घ्या. पोरं त्याला काका म्हणायची. गारभात काकांनी हो म्हटलं की विषय संपला.

तो गारभात मेंग होता. मला कळलं ते त्याच्या लिहिण्यावरून. एका पोराला त्याने लिहिलं होतं, उरलेल्या पैशात चांगली खुर्ची घ्या. दुपारी आम्ही काळ्या सॉसच्या शेवया मागवून माझ्या दुकानात खात होतो, मी फोनवर ते वाचलं आणि वर बघितलं. तो एकदम खाली बघून शेवयांबरोबर आलेला मुळा चावायला लागला. मी म्हटलं, मेल्या, हे तुझ्या दुकानाच्या नावाने लिहिलं असतंस तर आज रांग लागली असती दारात. तर म्हणाला, नूना, ते चालत नाही.

का चालत नाही, तेही मला ठाऊक होतं. त्या चव्हाट्यावर काही दुकानदार गिऱ्हाईक बनून शिरायचे आणि स्वतःच्याच दुकानाचं गुणगान गायचे. मी इथून घेतलं, फार प्रामाणिक माणूस आहे, वगैरे. गारभात अशांना हुंगून काढायचा. कोटेशन लिहायची ढब, सामानाचा क्रम, यावरून ओळखायचा आणि सगळ्यांसमोर विचारायचा, "तुम्हीच ना ते दुकानदार?" त्याने अशी कितीतरी माणसं तिथून हाकलली. एक तर आमच्याच मजल्यावरचा निघाला. बाकी कुठल्याही पापाला मेंगकडे क्षमा होती, याला नव्हती. स्वतःच्याच मालाला स्वतः मुखवटा घालून चांगलं म्हणायचं, याच्याइतकं हलकट काही नाही, असं तो म्हणायचा. आता शब्द तोंडातून गेले की गेले.

गेल्या वर्षी वसंतात हे-रांग आली. जिन्यातून वर येताना मी ओळखलंच नाही, बापासारखी पुढे काढलेली मान बघितल्यावर ओळखलं. कित्येक वर्षांत ती या इमारतीत आली नव्हती. फोनही सणाला, चुसोकला एक, नव्या वर्षाला एक. हातात संत्र्यांची पिशवी होती. तिने नोकरी सोडली होती. प्रदर्शनांमधले स्टॉल उभारायच्या आधी त्यांची चित्रं कॉम्प्युटरवर करून द्यावी लागतात, ते काम ती आता घरून करणार होती, आणि संध्याकाळी मैत्रिणींबरोबर खेळायची, तेही चालायला पाहिजे होतं. "अप्पा, मला एक कॉम्प्युटर सुचवता का?" एवढंच म्हणाली. मेंगने संत्र्यांची पिशवी घेतली आणि ती कुठे ठेवावी हेच त्याला कळेना.

त्याने तिला सगळे प्रश्न विचारले. स्क्रीन कुठला. एका चित्राला आता किती वेळ लागतो, तेवढ्यात ती काय करते. कॉम्प्युटर खोलीत कुठे ठेवणार, पलंगापासून किती लांब, खिडकी कुठल्या बाजूला. मी ऐकत होते. दुसऱ्या कुणाला ते धंद्याचे प्रश्न वाटले असते. पण लेकीची खोली त्याने कधी पाहिलेली नव्हती, ती तो अशी पाहत होता. ती उत्तरं देत होती, तोडून नाही, पण पाहुण्यासारखी. मग कोटेशन करून ठेवा म्हणाली आणि गेली.

त्यानंतर या माणसाने डोकं उठवलं. उठसूट माझ्याकडे यायचा, मला स्क्रूखेरीज काय कळतं, पण यायचा. सोळा कोअरचा, म्हणजे सोळा हातांचा, सगळ्यात वरचा घ्यावा तर काम झपाट्याने होईल, पण तो तापतो, पंखे किंचाळतात, आणि ती त्याच खोलीत झोपते. खेळासाठी खास बनवलेला आठ कोअरचा आहे, चपळाईत त्याला तोड नाही, पण तिचा स्क्रीन सेकंदाला साठ चित्रं दाखवतो, हा प्रोसेसर दोनशे काढणार, वरची ठेवायची कुठे? आणि कामाला त्याचे हात कमी पडतात. शेवटी तो आला गेल्या पिढीच्या बारा कोअरवर. नवा आल्यामुळे भाव उतरलेला, बोर्ड स्वस्त, मेमरी स्वस्त, कामाला हात भरपूर, खेळाला पुरेसा चपळ, आणि साध्या हवेच्या कूलरवर शांत राहणारा. पुढच्या पिढीचा प्रोसेसर त्या बोर्डावर बसणार नाही, एवढा एक दोष. त्यावरही त्याने दोन दिवस घालवले, मग म्हणाला, वाचलेल्या पैशात मेमरी दुप्पट होते, चार-पाच वर्षं तिला हात लावावा लागणार नाही. मी म्हटलं, मुलीचं लग्न ठरवतो आहेस की कॉम्प्युटर घेतो आहेस? तर खरंच हसला, म्हणजे दात दिसले.

कोटेशन त्याने हाताने लिहिलं. मी बघितलं आणि माझं डोकंच फिरलं. नफा नव्हता. नुसता नफा नाही असंही नव्हे, प्रोसेसर आणि मेमरी तर खरेदीच्याही खाली लावली होती, जुळवणी फुकट. मी म्हटलं, "दोक-सू, चार पैसे ठेव त्यात. इतकं स्वस्त बघून तिलाच शंका येईल."

"लेकीकडून नफा घेऊ?"

"मग तिला स्पष्ट सांग की घेत नाही म्हणून."

तसं सांगितलं तर ती घेणार नाही, म्हणाला. उपकार नको म्हणेल. तेही खरं होतं, पोर आईवर गेली होती. ती येऊन कागद घेऊन गेली. बघते आणि कळवते म्हणाली. त्याने तिच्यासमोर मान हलवली आणि ती जिना उतरल्याबरोबर प्रोसेसरची पेटी मागवून मागच्या फळीवर वेगळी ठेवली, कुणाला विकायची नाही म्हणून. माझ्याकडून पंखे घेतले, सगळ्यात कमी आवाजाचे, आणि मी पैसे नको म्हटलं तर भांडला.

दोनतीन दिवसांनी दुपारी मी त्याच्यासाठी कॉफी कालवून घेऊन गेले, तर हा स्क्रीनसमोर नुसता बसलेला. मी कप ठेवला तरी बघितलं नाही. मग स्क्रीन माझ्याकडे वळवला.

चव्हाट्यावर त्याचं कोटेशन होतं. अक्षर टाइप केलेलं, पण क्रम त्याचा, सगळ्यात वर प्रोसेसर आणि त्यापुढे कंसात 'पेटीबंद', जसं तो एकटाच लिहितो. वर लिहिलं होतं: ओळखीतल्या एका योंगसानवाल्याने हे दिलं आहे. घरून चित्रांचं काम आणि संध्याकाळी खेळ. भाव इतका कमी कसा, याची भीती वाटते. आमच्या घरात यातलं कळणारं कुणी नाही. गारभात काका, तुम्ही एकदा बघाल का?

मी दोनदा वाचलं. ओळखीतल्या एका. बाप म्हणूनसुद्धा नाही, ओळखीतला एक.

खाली लोकांनी आपलं काम केलेलंच होतं. या भावात पेटीबंद प्रोसेसर मिळूच शकत नाही, सुटा बसवणार. सुटाही नाही, वापरलेला असणार. गेल्या पिढीचा माल गळ्यात मारतोय, खपत नसेल. एकाने लिहिलं होतं की ओळखीचा माणूसच गळा जास्त सफाईने कापतो, त्याला मानेची जागा माहीत असते, आणि त्याला शंभरावर लोकांनी वाहवा दिली होती. खरं सांगते, त्यातला एक जरी समोर असता तर मी त्याच्या थोबाडीत मारली असती. आणि दुसऱ्या बाजूने हेही दिसत होतं की त्यांचं तरी काय चुकलं? आम्हीच शिकवलं त्यांना हे. या इमारतीत स्वस्त म्हणजे लबाडी, एवढंच तर आम्ही वर्षानुवर्षं शिकवत आलो.

मी म्हटलं, "लिही. कोटेशन चोख आहे, डोळे मिटून घ्या, असं लिही. तुझा एक शब्द पुरे आहे."

तो म्हणाला, "माझ्याच कोटेशनला मीच?"

"खोटं आहे का ते?"

"खरं आहे. त्या हाकललेल्या लोकांतही कुणाकुणाचं खरं असेल, नूना. मी कुणाला विचारलं नाही."

मी पुष्कळ बोलले. तोंड आवरलं नाही मी. म्हटलं, तुझं हे सोवळं चाटून पोट भरलं का कधी? बायको गेली, दुकान जायला आलंय, आता पोर दारात आली आहे तर तिलाही तत्त्वाने हाकलून दे. बरं, तिथे नको लिहूस, तिला फोन कर. सांग, बाई गं, तो गारभात म्हणजे मी, तुझा बाप. एका वाक्यात सगळं मिटेल. त्याने फोन उचललाही. तिचं नाव काढलं, त्यावर अंगठा ठेवला, आणि मग फोन उलटा करून टेबलावर ठेवला.

"ती इतकी भ्यायली आहे की अनोळखी माणसाला विचारते आहे," तो म्हणाला. "तिचा एकावर तरी विश्वास बसला आहे ना. मी बोललो की तोही जाईल, आणि बापाला चव्हाट्यावर नेलं म्हणून तिला तोंड दाखवायची लाज वाटेल ती वेगळीच. मग ती परत यायची नाही."

अजूनही मला वाटतं की तो चुकला, माणसाने अशा वेळी खुशाल खोटा मुखवटा घालावा, देव डोळे झाकतो.

त्याने दोन बोटांनी लिहायला घेतलं. तो लिहीत होता ते मी मागे उभी राहून वाचलं. प्रोसेसर तुमच्या कामाला आणि खेळाला बरोबर आहे, जुना म्हणून सोडू नका, कुणाच्या सांगण्यावरून महागाचा घेऊ नका. मेमरी आहे तेवढी ठेवा. कॉम्प्युटर पलंगापासून लांब, खिडकीच्या बाजूला ठेवा. फसवणुकीची खूण मला दिसत नाही. इथे तो थांबला. मला वाटलं, झालं, एवढ्यावर सोडेल. पण तो पुढे लिहायला लागला. या भावात विकणाऱ्याला काहीच सुटत नाही. असं विकणारा दुकानदार फार दिवस टिकत नाही, आणि वर्षभराने काही बिघडलं तर तुम्ही कुणाकडे जाणार? हीच यादी घेऊन एखाद्या मोठ्या दुकानातून जुळवून घ्या. थोडे जास्त पडतील, पण निर्धास्त राहाल.

मी त्याचा खांदा धरला. म्हटलं, हे शेवटचं पुस, तुला माझी शपथ आहे. तो म्हणाला, दुसऱ्या कुणाच्या पोरीने विचारलं असतं तर हेच लिहिलं असतं. आणि दाबलं बटण. ते खरंही होतं, हे वाईट. त्याच्या दुकानाची मुदत उन्हाळ्यात संपत होती आणि पुढचं भाडं त्याला झेपणार नव्हतं. हे मजल्यावर फक्त मला माहीत होतं.

त्या आठवड्यात त्याने ती पेटी फळीवरून काढली नाही. एक माणूस नेमका तोच प्रोसेसर मागत आला, तर नाही म्हणून सांगितलं. मी मनात म्हटलं, वाट बघतोय वेडा. पोरं ऐकतातच असं थोडंच आहे, कदाचित तिला वाटेल, जाऊ दे, अप्पांकडूनच घेऊ. मीही वाट बघायला लागले. जिन्यात पाय वाजले की दोघं एकदमच मान वर करायचो.

ती आली नाही, फोन आला. तो कूलर बसवत होता, दोन्ही हातांना कूलरखाली लावायची पेस्ट लागलेली, म्हणून मला म्हणाला, नूना, जरा दाबा. मी स्पीकर चालू करून फोन टेबलावर ठेवला. आवाज खुशीत होता पोरीचा, इतका मोकळा मी कधी ऐकला नव्हता. तिने सांगितलं की कॉम्प्युटर घेतला, दुसरीकडून घेतला, रागावू नका. तुम्हाला उगाच त्रास दिला.

"नाही, त्रास कसला," मेंग म्हणाला. "प्रोसेसर कुठला घेतलास?"

तिने नाव सांगितलं. बारा कोअरचा, तोच.

"चांगला आहे," तो म्हणाला. "आवाज करत नाही ना?"

अजिबात नाही म्हणाली, रात्रभर चित्र करायला लावलं तरी झोप लागते. खिडकीपाशी ठेवला आहे. दुसरीकडून घेतल्याचं तिला वाईट वाटत असावं, काहीतरी गोड बोलून ठेवावं असं वाटलं असेल. म्हणाली, "अप्पा, इंटरनेटवर एक काका आहेत, गारभात म्हणून. त्यांनी सगळं नीट समजावून सांगितलं मला, ओळख ना पाळख, एक पैसा न घेता. इतकी सरळ माणसं असतात अजून. तुम्हीही वाचत जा ना त्यांचं, गिऱ्हाइकाशी कसं वागावं ते कळेल. दुकानाला उपयोग होईल तुमच्या."

मेंगचे दोन्ही हात तसेच वर धरलेले होते, कशाला लागू नयेत म्हणून.

"वाचतो," तो म्हणाला.